अकरा मेचा दर

माझा मोबाईल चार्जिंगला होता आणि भुसावळच्या फोमवाल्याला फोन लावायचा होता, म्हणून मी कनीजचा उचलला. एवढंच. बायकोचा मोबाईल तपासणारा नवरा मी नाही, आणि असतो तर तसं तोंडावर सांगितलं असतं, मला कुणाच्या बापाची भीती नाही. पण पडदा उजळला आणि त्यावर एक निळी रेघ दिसली. डावीकडे खाली सुरू होऊन उजवीकडे वर चढत गेलेली, मधे मधे ठेचकाळलेली, तरी चढतच गेलेली. वर लिहिलं होतं, ओमानी रियाल, भारतीय रुपया, वीस वर्षं. मी मागे गेलो, तर खाली तिनं स्वतः लिहिलेलं टिपण निघालं. वीस ओळी. ११ मे २००६, ११७. ११ मे २००७, १०६. दर साली तीच तारीख, फक्त आकडा वेगळा, आणि त्या वीस ओळींच्या खाली, आज, २३०. मोरीत कपडे आपटल्याचा आवाज येत होता. मी मोबाईल होता तसा पालथा ठेवला आणि पायात चपला सरकवल्या, फोमवाल्याला फोन न करताच. जळगावात, आमच्या मेहरूणमध्ये, बाई मोबाईलवर मेंदी बघते, पाककृती बघते, फार तर सोन्याचा भाव. रियाल कोण बघतं? ज्याचं माणूस तिकडे आहे ते बघतं. आणि कनीजचं एक माणूस तिकडे होतं, वीस वर्षं होतं, मस्कतला, मोईज. तिच्या खालेचा मुलगा, म्हणजे मावशीचा. तिचं त्याच्याशी होता होता राहिलं आणि मग माझ्याशी झालं. आणि हा मोईज तिकडचं बिऱ्हाड गुंडाळून कायमचा धुळ्याला परत आल्याची बातमी चारच दिवसांपूर्वी आमच्या घरात आली होती, कनीजच्याच तोंडून, भाकरी उलटताना, जशी काही भाव उतरल्याची बातमी.

अजिंठा चौफुलीजवळ माझं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर, कधी एखादी जीप. रावेर-यावलची केळी भरून नेणारे ट्रक परतीला माझ्याकडे थांबतात, ड्रायव्हर चहा प्यायला जातात आणि मी त्यांच्या बुडाखालची फाटकी गादी काढून नवीन ठोकतो. त्या दिवशी मशीनवर बसलो, पण पुढ्यात रेक्झिन नव्हतं, ती निळी रेघ होती. ती रेघ मला पाठच झाली होती, कारण ती माझ्याच आयुष्यावरून गेली होती. २००८ला १०८. त्या साली माहेनूर झाली, आणि मोईजनं दुबईमार्गे कुणाच्या तरी हाती बेबी पावडरचे सहा डबे पाठवले होते. कनीजनं एक डबा उघडून नाकाशी धरला होता, किती वेळ धरला होता ते मी मोजलं नव्हतं, आता मोजत होतो. २०१३ला १४२, आणि पुढे त्याच पावसाळ्यात रुपया असा घसरला की रेक्झिनचा रोल घ्यायला गेलो तर दुकानदार कालचा भाव सांगायला लाजत होता आणि आजचा सांगायला नाही. मी घरी येऊन ताटावर ओरडलो होतो. ती गप्प होती. गप्प होती की आतल्या आत खूश होती? तिचा माणूस तिकडे बसल्या जागी श्रीमंत होत होता. २०२०ला १९६. लॉकडाऊन होतं, ट्रक रस्त्याच्या कडेला मेल्यासारखे उभे होते, मी अस्तराच्या कापडाचे मास्क शिवून पाच-पाच रुपयांना विकत होतो, आणि अकरा मेला ही बाई, माझ्याच घरात, माझ्याच छताखाली, कोपऱ्यात बसून मस्कतचा दर बघत होती. दाभण बोटात शिरला तेव्हा मला आधी रक्त दिसलं, मग दुखलं. आणि ते ब्लँकेट. जाड, मऊ, त्यावर दोन सिंह, मोईजच्या आईनं आमच्या लग्नात दिलेलं. एकोणीस हिवाळे मी त्या माणसाच्या ब्लँकेटखाली झोपलो आहे आणि मला ऊब आली आहे, याची लाज मला त्या दिवशी वाटली.

"नासीरभाऊ, तुनं ध्यान कोठे शे? बठ्ठी शिलाई वाकडी जाई ऱ्हायनी." चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा करमसिंग समोर उकिडवा बसला होता. ट्रॅक्टरची सीट घेऊन आला होता आणि मी ती घेऊन बसलोय हे मीच विसरलो होतो.

"तुझ्या बुडाला वाकडी-सरळी कळते का रे?"

"मी कोठे बसस? मनी बायको बसस. ट्रॅक्टर तीच चालावस." तो हसला. "सुनितानी सांगेल शे, गादी जाड पाहिजे."

"बायको ट्रॅक्टर चालवते आणि तू काय करतोस?"

"मी मांगे बसस. डिझेलना पैसा मी देस, रस्ता ती धरस."

"गावातले बघतात, तुला काही वाटत नाही?"

"काय वाटाले पाहिजे?" त्यानं खरंच विचारलं. मला त्याच्या तोंडावर कात्री फेकून मारावीशी वाटली. अशी माणसं असतात, ज्यांच्या आत काही चावत नाही, आणि त्यांच्याकडे बघून ज्याच्या आत चावतं त्याला अजून चावतं. मी त्याची शिलाई उसवली आणि पुन्हा घातली, आणि उसवताना वीस वर्षांचे अकरा मे उसवत गेलो. त्या तारखेला काय झालं असेल? मोईज विमानात बसला असेल. जाण्याआधी धुळ्यात कुठे तरी, गच्चीवर, पारोळा रोडच्या एखाद्या दुकानात, त्यानं तिला काही सांगितलं असेल. थांब म्हणाला असेल. आणि ही थांबली असेल, वीस वर्षं, माझ्या घरात, माझी पोर वाढवत, माझी भाकरी थापत थांबली असेल. मी भाड्याची जागा होतो. करमसिंग सीट खांद्यावर टाकून गेला आणि मी शटर अर्धं ओढून दुपारीच घरी निघालो.

कनीज डाळ निवडत होती. माहेनूर बारावीची पुस्तकं पसरून बसली होती. पोरीसमोर बोलू नये एवढी अक्कल मला आहे, पण त्या वेळी नव्हती.

"अकरा मेला काय झालं होतं?" मी दारातूनच विचारलं.

कनीजनं वर पाहिलं. "काय?"

"अकरा मे. सरळ विचारतोय. काय झालं होतं अकरा मेला?"

बोटांत धरलेला खडा तिनं ताटाबाहेर टाकला नाही, तसाच धरून ठेवला. "हे तुम्ही मला विचारताय?"

"तुलाच. दुसऱ्या कुणाला विचारू, मोईजला?"

"माहेनूर," ती माझ्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुझ्या अब्बांना सांग, अकरा मेला काय असतं."

पोरगी आधी हसली, मग तिला वाटलं मी थट्टा करतोय, मग कळलं की नाही करत. "अब्बा, तुमची शादी!"

अंगावर कुणी गार पाण्याची बादली ओतली असती तर निदान ओला तरी झालो असतो. मी कोरडा उभा होतो. एकोणीस वर्षं मी ती तारीख कधी पाळली नाही, आमच्यात पाळतही नाहीत, पण माहीत तर असायला हवी होती. आणि मग त्या तारखेमागोमाग ती दुपार आली, सगळीच्या सगळी. धुळ्यातला मे, मांडवाचं कापड तापून वास मारतंय, माझ्या तोंडापुढे सेहऱ्याची फुलं, फुलांआड घाम. मेहर अकरा हजार ठरला होता, वडीलधाऱ्यांनी, महिनाभर आधी. मेहर म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, तिच्या हक्काची, निकाह लागताना चारचौघांत बोलायची. पण आदल्या संध्याकाळी कुणी तरी माझ्या कानात घातलं होतं की मोईजच्या घरचे पाचशे रियाल बोलले होते. पाचशे रियाल! तरी कनीजच्या अब्बांनी नाही म्हटलं, कारण मस्कतचा जावई दोन वर्षांतून एकदा येतो आणि जळगावचा सीटवाला रोज संध्याकाळी घरी येतो. माझ्यात एवढाच गुण होता, संध्याकाळी घरी येणं. रात्रभर ते मला टोचत राहिलं. काझीसाहेबांनी रजिस्टर उघडून अकरा हजार म्हटलं आणि मी म्हणालो, नाही, पाचशे रियाल. माझ्या अब्बांनी माझा गुडघा दाबला. मुंबईच्या एजंटकडे तेव्हा माझा पासपोर्ट पडून होता, तीस हजार भरून, दोन महिन्यांत मीही मस्कतला जाणार होतो. तो एजंट पुढे ऑफिससकट गायब झाला, पण त्या दुपारी मी जवळजवळ विमानातच होतो. काझीसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कोणता रियाल? सौदी, इराणी की ओमानी?" रियाल तीन प्रकारचा असतो हे मला तिथे कळलं. मागून कुणी तरी म्हणालं, ओमानी सगळ्यात महाग. मी म्हणालो, ओमानी. लिहिलं गेलं, सह्या झाल्या. त्या दिवसापासून धुळ्यात मला रियालवाले दुल्हेभाई म्हणतात. मी रियालची नोट कधी पाहिलेली नाही.

"पण तू माफ केला होतास," मी म्हणालो. माहेनूर पुस्तकं उचलून आत गेली होती. "पहिल्याच रात्री. मी विचारलं आणि तू मान हलवलीस."

"मान हलली असेल. डोक्यावर दोन किलोची फुलं होती." तिनं खडा आता टाकला. "तोंडानं काही बोलले का मी? हे तोंडानं बोलायचं असतं."

"मग मागायचे होतेस. एवढी वर्षं लपून दर कशाला बघायचा?"

"लपून?" ती पहिल्यांदा चिडली. "तुम्ही कधी विचारलंत काय बघतेस म्हणून? पडद्याआड बायका मला म्हणाल्या होत्या, बघ, तुझा दुल्हा तुझ्यासाठी मांडवात भांडला. मी किती तरी दिवस ते धरून होते. मग कळलं, तुम्ही माझ्यासाठी नाही बोललात, मोईजवर बोललात. माझा मेहर तुमच्या दोघांमधला आहे. मग मी तो माझा करून घेतला. दर सालच्या अकरा मेला बघायचे, आज किती. या घरात माझं असं वाढणारं ते एकच आहे."

ताट घेऊन ती उठली आणि डाळ धुवायला गेली. नळाचा आवाज आला. मी तिथेच बसलो आणि मला कळेना की मला बरं वाटायला हवं की नाही. मोईज नव्हता त्या वीस ओळींत. मीच होतो. माझाच शब्द मस्कतमध्ये ठेवून ती त्याच्याकडे बघत होती आणि मी मात्र तिथे दुसरा पुरुष पाहत होतो. पण जळणं थांबलं नाही, त्याला फक्त जागा बदलून हवी होती. तिच्याजवळ एकोणीस वर्षं एक गोष्ट होती जी माझ्यामुळे होती आणि माझी नव्हती, तिच्याकडे ती एकटीच बघत होती, आणि ती बघताना तिच्या चेहऱ्यावर काय येत होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. ते मला संपवायचं होतं. खरं तेच लिहितो, द्यायचं होतं म्हणून नाही, संपवायचं होतं म्हणून. नवीन मशीनसाठी ठेवलेले पैसे मी काढले आणि परकी चलनं बदलून देणाऱ्याकडे गेलो. काचेआडच्या माणसानं विचारलं, "पासपोर्ट? तिकीट? कुठे चाललात?" मी म्हणालो, कुठेच नाही, रियाल हवेत. तो म्हणाला, "काका, प्रवास नाही तर रियाल नाहीत." मागे रांगेत कॉलर वर केलेली पोरं उभी होती, ती हसली नाहीत, पण हसली असती तरी चाललं असतं. एकच माणूस उरला होता ज्याच्याकडे रियाल असणार होते, आणि रविवारी धुळ्यात कनीजच्या भावाच्या, शेहजादच्या मुलीचा, नौशीनचा निकाह होता.

मोईजला मी आधी ओळखलं नाही. माझ्या डोक्यात वीस वर्षं जो फिरत होता तो उंच होता, अत्तर लावायचा, त्याच्या मनगटावर जड घड्याळ होतं. हा एका गुडघ्यावर जोर देऊन चालत होता, केसांना लावलेला रंग कपाळावर उतरला होता. दालचा-खान्याचं जेवण वाढून झाल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. बायकांच्या बाजूला कनीज दिसत होती, आणि मी मधून मधून बघत होतो की ती इकडे बघते का. बघत नव्हती. त्याचाही मला संशय आला.

"गोदामात होतो," मोईज म्हणाला. "स्टोअरकीपर. आता तिकडचीच पोरं ठेवतात. निघताना हातात जे आलं ते आलं. थोडे रियाल ठेवलेत, मोडले नाहीत. अजून चढेल म्हणतात."

"रियाल चढत नाही," मी म्हणालो. "तो डॉलरला बांधलेला आहे, जागचा हलत नाही. पडतो तो आपला रुपया."

त्यानं मान वर केली. "तुम्हाला बरंच माहीत आहे, नासीरभाई."

"मला पाचशे हवेत."

"कशाला?"

"मेहर द्यायचाय."

तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ते पाचशे माझ्या अम्मीनं नुसतेच सांगितले होते, नासीरभाई. लोकांत वजन पडावं म्हणून. माझा पगार तेव्हा पंच्याऐंशी रियाल होता, त्यातले तीस खोलीचे. मी माझ्या बायकोला शेवटी अकरा हजार दिले, रुपये, तेही तीन हप्त्यांत."

आत काझीसाहेब नौशीनचा मेहर विचारत होते, आणि कुणी तरी मोठ्यानं ओरडलं, "दुल्हेभाईंना लांब बसवा, नाही तर रियाल सांगतील!" सगळा मांडव हसला. मीही दात काढले. आणि माझ्या आत वीस वर्षांचं काही तरी भुसभुशीत होऊन बसलं, जुन्या गादीचा फोम हाताला लागला की पीठ होतो तसं. मी ज्याच्याशी भांडलो तो नव्हताच. एका बाईनं शेजारणीपुढे मारलेली बढाई होती, आणि मी तिच्यावर सही केली होती. तरीही मी जळत होतो. मोईजच्या गरिबीवरही जळत होतो, कारण त्यानं ती सहज सांगून टाकली.

"आज दोनशे तीस आहे," तो म्हणाला. "तुम्ही घरचे, जे द्याल ते."

"दोनशे चाळीस देतो."

मला वाटलं तो नको म्हणेल. माझी फार इच्छा होती त्यानं नको म्हणावं. तो म्हणाला, "बरं," आणि पैसे खुर्चीआड दोनदा मोजले, ओठ हलवत. पन्नासच्या दहा नोटा त्यानं मला दिल्या. एवढ्याच. एकोणीस वर्षं आणि दहा कागद.

शेहजादच्या घरात मागच्या खोलीत बायकांच्या पिशव्या आणि बुरखे पडले होते. मी कनीजला तिथे बोलावलं. नोटा तिच्या हातावर ठेवल्या. तिनं एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आरपार पाहिलं, मग दुसरी.

"मोईजकडून?"

"हो."

"कितीला घेतलेत?"

"दोनशे चाळीस."

"दर दोनशे तीस आहे," ती म्हणाली. "पाच हजार जास्त गेले." मग तिनं नोटा सारख्या केल्या, रुमालात बांधल्या, रुमाल पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "मिळाले," ती म्हणाली, तोंडानं, स्पष्ट, मला नीट ऐकू येईल असं. मी वाट बघत राहिलो. ती रडेल, काही बोलेल, निदान माझ्याकडे बघेल. ती बुरखा शोधायला लागली.

माहेनूर वलीम्यासाठी, नवऱ्याकडच्या जेवणासाठी, मामाकडे थांबली. शेहजाद कनीजलाही म्हणत होता, राहा ग आपा दोन दिवस, एवढी काय घाई. ती काय म्हणाली ते मला मोटारसायकलींच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण स्टँडवर ती माझ्या पुढे चालत आली, जळगावच्या गाडीत माझ्या आधी चढली आणि खिडकी धरली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी बघत होतो त्या हातांकडे. आता तिचं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. कालपर्यंत काही उरलं होतं आणि मी त्याच्यावर जळत होतो, आणि आज ते मीच रोख देऊन सोडवून घेतलं होतं, तेही पाच हजार जास्त देऊन. तिला थांबायला आता कारण काय? तिला बांधून ठेवणारं जे एकच होतं ते माझं देणं होतं, आणि हे मला गाडी सुटल्यावर कळत होतं. धुळ्याचे शेवटचे कारखाने मागे गेले. कापसाच्या वाळत चाललेल्या पळाट्या सुरू झाल्या. मी विचारलं, "खूश आहेस?" ती म्हणाली, "ऊन येतंय, पडदा ओढा." पडदा नव्हता त्या खिडकीला.

कंडक्टर मशीन बडवत आला. मी खिसा चाचपला. "एक फुल, एक हाफ," मी म्हणालो, नेहमीसारखं, बायकांचं अर्धं असतं म्हणून.

"माझं वेगळं," कनीज म्हणाली.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एकत्र नही का, ताई?"

"नाही. वेगळं." तिनं पर्स उघडली, रुमालाला हात न लावता बाजूच्या कप्प्यातून शंभराची नोट काढली.

"कोठलं?"

या गाडीला आधी पारोळा लागतं, मग एरंडोल. पारोळ्यात तिचं कुणी नाही. एरंडोलला तर आम्ही कधी उतरलोही नाही. हे मला माहीत होतं, सगळं माहीत होतं, तरी मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो, मांडवात फुलांआडून बघत होतो तसा.

"जळगाव," ती म्हणाली.

मशीन कुरकुरलं, कागदाची पट्टी बाहेर आली. मी सवयीनं हात पुढे केला. "इकडे दे, हरवेल." प्रवासात तिकिटं माझ्या वरच्या खिशात असतात, सगळ्यांची.

"नाही हरवणार," म्हणून तिनं पट्टीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मग काच सरकवून बाहेर बघायला लागली. वारा तिच्या तोंडावर येत होता आणि ती तो येऊ देत होती. मी काही तरी बोलायला पाहिजे होतं. मोईजची आई, पंच्याऐंशी रियाल, सगळं सांगायला पाहिजे होतं, आणि मी विचार करत होतो की हे सांगितलं तर ती हसेल, आणि ते हसणं नेमकं कुणावर असेल.

कंडक्टर अजून माझ्याच शेजारी उभा होता.

"आणि तुम्ही, भाऊ?" तो म्हणाला. "तुम्ही कोठे?"

कनीजनं खिडकीतून मान वळवली. तिलाही ऐकायचं होतं.